जिरायत मुलखातील सेवाधर्म

ख्रिस्ती धर्माविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातील मोठा भाग धर्मांतर, धर्मचर्चा आणि धर्मवाङ्मय यांविषयीचा आहे. बाबा पदमनजींचे लेखन, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने, पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत हाती धरलेले बायबलाचे भाषांतर, या साऱ्यांची आपल्या वाङ्मयेतिहासाने यथोचित मानाने नोंद घेतली आहे. परंतु याच धर्माचा जो अंश ग्रंथात मावत नाही, जो रुग्णाच्या खाटेपाशी, शाळेच्या ओट्यावर, दुष्काळी कामावरच्या हजेरीपटात आणि शेजाऱ्याच्या अंगणात खर्ची पडतो, त्याची नोंद ठेवणारे दप्तर क्वचितच आढळते. कारण असे काम करणाऱ्याला लिहिण्याची उसंत नसते, आणि ज्याच्यासाठी ते झाले त्याला पुष्कळदा लिहिता येत नसते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या आधाराने त्या अंशाचा परिचय करून द्यावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रथम मूळ श्रद्धेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण सेवा हा ख्रिस्ती धर्माला जोडलेला एखादा परोपकारी विभाग आहे, देवळाच्या आवारात जशी धर्मशाळा असावी तशी ही एक सोय आहे, असा समज अनेक सुशिक्षित वाचकांच्या मनात असतो. शुभवर्तमानांचा पुरावा याच्या अगदी उलट आहे. मत्तयाने अंतिम न्यायाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात राजासमोर उभ्या राहिलेल्या माणसांना मतांविषयी, विधींविषयी वा पाठांतराविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, तहानेल्याला पाणी दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटावयास गेला होतास काय, एवढीच चौकशी होते. आणि ज्यांची प्रशंसा होते त्यांनाच आश्चर्य वाटते, कारण आपण हे राजासाठी करीत आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. आपल्या हातून झालेल्या पुण्याचा हिशेब ज्याच्याजवळ नाही तोच येथे उत्तीर्ण होतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लूकाने सांगितलेली शोमरोनी मनुष्याची कथा तर सर्वश्रुत आहे. परंतु तिचा उत्तरार्ध आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो. वाटेवर लुटल्या गेलेल्या आणि अर्धमेल्या होऊन पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून, त्या बांधून, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून तो शोमरोनी उतारशाळेत आणतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन नाणी ठेवून, अधिक खर्च आल्यास परतताना भरून देण्याचे वचन देऊन, आपल्या वाटेने निघून जातो. ही शेवटची बारीक तजवीज मला कथेचे मर्म वाटते. दयेचा उमाळा सर्वांनाच येतो. परंतु आपण गेल्यावरही काम चालू राहावे म्हणून ते दुसऱ्याच्या हाती सोपविणे, खर्चाची व्यवस्था लावणे, आणि जखमी मनुष्य शुद्धीवर येऊन आभार मानील याची वाट न पाहता मार्गस्थ होणे, हे फार थोड्यांना साधते. पुढे ज्या कामांचा उल्लेख येईल त्यांना मी हीच कसोटी लावली आहे.

आता ज्या भूमीवर ही कसोटी लागली तिच्याकडे वळू. पुणे जिल्ह्याचा हा आग्नेय भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडे घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथे येईपर्यंत जवळजवळ रिता झालेला असतो, वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर राहते, आणि तेवढाही पाऊस वेळेवर पडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्या या मुलखातून जातात. नीरा-भीमेचा संगम इंदापूर तालुक्यात नरसिंहपुरास होतो. तरीही नदीकाठची पट्टी सोडली की माळ, मुरूम आणि काळा खडक यांचेच राज्य सुरू होते. इंग्रजी अमलात पहिली जमीन-पाहणी इतकी जबर आकारणी करून गेली की रयत गावे सोडून परागंदा झाली. तेव्हा १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुधारलेल्या जमाबंदीचा प्रयोग प्रथम केला तो इंदापूर तालुक्यातच, आणि तीस वर्षांच्या मुदतीची जी रयतवारी पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली तिचा उगम तेथे आहे. तथापि आकारणी कमी झाली तरी सावकारी कमी झाली नाही. मे १८७५ मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी रयतेचा उद्रेक झाला, सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून जाळण्यात आले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लगेच १८७६ पासून मोठा दुष्काळ पडला. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला तेव्हापासून या तालुक्यांचे दोन तुकडे झाले. कालव्याखालचा भाग बागायत होऊन उसाने हिरवा झाला आणि कालव्यावरचा भाग जिरायत राहिला. एकाच तालुक्यातील दोन गावांत, एकाच जातीच्या दोन घरांत, केवळ पाटाच्या या अंगाला की त्या अंगाला एवढ्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे भवितव्य ठरावे, ही येथील मुख्य सामाजिक वस्तुस्थिती आहे, आणि ती ध्यानी घेतल्यावाचून येथल्या कोणत्याही सेवेचे मोल कळणार नाही.

या मुलखाला सेवा शिकविण्यासाठी कोणाला परदेशातून यावे लागले, असे मात्र समजू नये. मोरोपंतांसारखा पंडितकवी ज्या बारामतीत राहिला, मालोजीराजांची ज्या इंदापुरात समाधी आहे, त्याच दोन गावांतून दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम घेत ती पुढे अकलूजकडे सरकते, आणि त्या दिवसांत ज्याच्या घरी स्वतःला पुरेशी भाकर नाही असा मनुष्यही वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरीची पाटी घेऊन रस्त्यावर उभा असतो. चालून चालून सुजलेले अनोळखी पाय मांडीवर घेऊन त्यांना तेल चोळणारे हात येथे दरवर्षी दिसतात. ज्या गुरूने भोजनाच्या वेळी उठून, कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची कथा या लोकांना ऐकविताना तिचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज पडत नसली पाहिजे. रेव्हरंड टिळकांनी हे ओळखले होते. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ उभारला तो याच जाणिवेतून, की ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने मराठी मातीतील भक्तीच्या रीतीने करावी. दुर्दैवाने दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले. आणि त्यांच्या कल्पनेचा भजनाकडचा भाग जितका उचलला गेला तितका सेवेकडचा उचलला गेला नाही, हे माझे जुने दुःख आहे.

बारामतीपासून फार दूर नसलेल्या केडगावात, आजच्या दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंनी या दोन्ही बाजू एकत्र आणून दाखविल्या होत्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत आणि गुजराथ येथून निराधार मुली व विधवा आणून ‘मुक्ती’ या आपल्या संस्थेच्या आश्रयाखाली घेतल्या; शतक उलटले तेव्हा तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. एवढ्या माणसांना दोन वेळा जेवू घालणे हेच केवढे दिव्य! पण रमाबाईंचे मोठेपण मला त्यापुढच्या पायरीत दिसते. विणकाम, शेती, दुग्धालय, छापखाना असे उद्योग उभारून त्यांनी आश्रित मुलींनाच त्या घराच्या चालक केले. ज्या मुलीला काल उचलून आणावे लागले होते, तीच उद्या नव्याने आलेल्या मुलीच्या केसांतील जटा सोडवीत बसे. आश्रय घेणारी आणि आश्रय देणारी यांच्यातील भिंत इतक्या लवकर पाडणारी दुसरी संस्था त्या काळी महाराष्ट्रात क्वचितच असेल.

बारामतीत याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे स्ट्रटन दांपत्य येऊन राहिले, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी बारामती, इंदापूर, दौंड, श्रीगोंदे या टापूत शाळा, वसतिगृहे, दवाखाने उभे केले. या पंथाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्या घडणीचा आणि येथील कामाचा निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत निघालेल्या एका सुधारणा-चळवळीची ही शाखा. मतांची लांबलचक सूत्रे न बांधता केवळ नव्या कराराचा आधार घ्यावा, समजत्या वयात पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावा, दर रविवारी प्रभुभोजन घ्यावे, आणि मंडळीचा कारभार तिच्यातल्याच वडीलधाऱ्यांनी चालवावा, असा तिचा साधा परिपाठ. पाळक आणि सामान्य सभासद यांच्यात मोठी दरी न मानणारा हा पंथ असल्यामुळे, धर्म हा उपदेशकाचा व्यवसाय आणि इतरांनी ऐकण्याची बाब, अशी वाटणी येथे टिकणे कठीण होते. दवाखान्यात पट्ट्या बांधणारी बाई, वसतिगृहात भाकरी थापणारी स्वयंपाकीण, आणि रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडणारा वडील, ही तिन्ही एकाच सेवेची माणसे ठरली.

त्या दवाखान्यांतील एक काम येथे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. ज्यांनी नारू पाहिला नाही अशी पिढी आता प्रौढ झाली आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु या कोरड्या प्रदेशांत, जेथे पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय बुडवून पाणी भरले जाई, तेथे नारू हे दर उन्हाळ्याचे दुखणे होते. घोट्यापाशी फोड येई, तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके बाहेर काढी. तो ओढून काढता येत नसे. ओढला तर तुटे, आणि तुटला तर पाय सुजून पू धरे आणि मनुष्य महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. त्यावर उपाय एकच. पाय ओला ठेवून, बारीक काडीभोवती तो जंत रोज बोट-दोन बोटे गुंडाळावयाचा, काडी जागच्या जागी बांधून ठेवावयाची, आणि उद्या पुन्हा तेच करावयाचे. हे काम कित्येक आठवडे चाले. त्यात विद्वत्ता लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ज्या जातीच्या पायाला शिवण्याची इतरांना शिसारी त्या पायाला रोज हातात घेण्याची तयारी. परिचारिका शब्दाचा मान आज रुग्णालयाच्या पांढऱ्या गणवेशाला मिळतो. त्या आधीच्या काळात महार-मांगांच्या वस्त्यांतून आलेल्या, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकून दवाखान्यात उभ्या राहिलेल्या मराठी बायांनी तो आपल्या हातांनी कमावला. त्यांची नावे कोणत्याही सरकारी गॅझेटियरात नाहीत.

याच मिशनच्या हातून झालेले एक काम असेही आहे की त्याविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, आणि पुढे मुंबई इलाख्यात स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या त्यांतील काहींचा कारभार सरकारने मिशनऱ्यांकडे सोपविला. बारामतीची वसाहत या ऑस्ट्रेलियन मिशनकडे होती. मुलांना शाळा मिळाली, मोठ्यांना काम मिळाले, पुष्कळ कुटुंबे रानोमाळ भटकण्यातून सुटली, हे सारे खरे. आणि ज्या पुरुषांनी व स्त्रियांनी तेथे आपली उमेदीची वर्षे घालविली त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याची सेवा करावयाची त्याचीच रोज हजेरी घ्यावयाची, परवान्याशिवाय त्याने वेस ओलांडली तर शिक्षा करण्याच्या यंत्रणेचा आपण भाग व्हावयाचे, ही स्थिती शुभवर्तमानाशी सुसंगत नव्हती. बंदिवानाला भेटावयास जाणे आणि बंदिशाळेच्या किल्ल्या कमरेला लावणे यांत फार मोठे अंतर आहे. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. तथापि सत्तेच्या आश्रयाने केलेली सेवा सेवेकऱ्याच्या नकळत त्याला कोठवर नेते, याचा हा धडा आपल्या दोन्ही तालुक्यांतील मंडळ्यांनी स्मरणात ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, ही शंका येथेही घेतली गेली आणि आजही घेतली जाते. तिला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. दुष्काळात मूठभर धान्यासाठी आलेल्या भुकेल्याला त्याच क्षणी प्रार्थनेला बसविणे हे त्याच्या भुकेचा फायदा घेणे आहे, आणि तसे जेथे जेथे घडले असेल तेथे ते ख्रिस्ताच्या नावाला कमीपणा आणणारेच झाले. ज्याने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि त्यांतला एकच आभार मानावयास परतला, त्याने उरलेल्या नवांचा रोग परत आणला नाही. त्याचा शिष्य म्हणविणाऱ्याला याहून वेगळा व्यवहार करण्याचा अधिकार नाही. बिनमोबदला सेवा म्हणजे पैशाचा मोबदला नाही एवढेच नव्हे. श्रद्धेचा मोबदला मागणे हाही मोबदलाच होय. दुसऱ्या बाजूने, पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला जेथे प्रथम माणूस म्हणून नाव घेऊन हाक मारली गेली, तेथे तो आपल्या विचाराने राहिला, तर त्याच्या निर्णयाला केवळ पोटाचा व्यवहार म्हणणे हाही त्याचा अपमान आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकच सांगणाऱ्याची साक्ष मी अपुरी समजतो.

आता ज्या कामासाठी बारामतीचे नाव या विषयात विशेष घ्यावे लागते त्याकडे येऊ. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्याला या भागात लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली. त्या वेळी बारामतीच्या मिशनमध्ये एडना व्हॉसर या ऑस्ट्रेलियन बाई होत्या; आणि दिल्लीत, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या मदतीसाठी १९४७ साली प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी मिळून काढलेली ‘कासा’ ही संस्था परदेशातून येणारे धान्य गरजूंना पोहोचविण्याचे काम करीत होती. धान्य फुकट वाटावयाचे की त्यातून काही टिकाऊ उभे करावयाचे, हा प्रश्न होता. १९६७ साली बारामतीतून प्रथम विधानसभेत गेलेले तरुण शरद पवार आणि त्यांचे वडीलबंधू, शेतीत सदैव प्रयोग करणारे अप्पासाहेब पवार, यांनी या बाईंशी संधान बांधले. आणि मजुरीच्या रूपाने धान्य व खाद्यतेल देऊन जिरायत गावांच्या नाल्यांवर पाझर तलाव बांधावयाचे, अशी योजना आकाराला आली. पवारांनी आपल्या आठवणींतून या बाईंचा उल्लेख कृतज्ञतेने केला आहे. एक ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती बाई, काँग्रेसचा एक तरुण आमदार, आणि काटेवाडीकडचा एक प्रयोगशील शेतकरी! धर्म, देश आणि वय यांची अशी मोट बांधली जाणे हेच मुळी नवल होते.

पाझर तलाव ही वस्तू समजून घेतली तर त्या सेवेचे स्वरूपही समजते. नाल्याच्या अरुंद जागी आडवा बांध घालावयाचा असतो. पण बांधाचे खरे काम जमिनीखाली होते. प्रथम टणक थर लागेपर्यंत खोल चर खणावा लागतो, त्यात काळी चिकणमाती थराथराने ओतून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरावी लागते, म्हणजे पाणी बांधाखालून निसटत नाही. मग वर मधोमध काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांची पिचिंग, आणि एका टोकाला जादा पाण्यासाठी सांडवा. अशा कामावर सकाळपासून माणसांची रांग लागे. पुरुष टिकाव मारीत, बाया डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहत, आणि खाणीतून किती माती उपसली हे संध्याकाळी मोजता यावे म्हणून खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक उंचवटा न खणता राखून ठेवलेला असे. त्याच्या उंचीवरून दिवसाचे माप धरले जाई आणि मापावरून धान्य. त्या धान्यात दयेचा वास नव्हता. घरी नेलेली पोती ही कमाई होती, आणि ज्याने ती कमावली त्याने आपल्याच शिवारातले पाणी अडविले होते.

पहिला पाऊस पडून तळे भरले की गाव हरखून जाई, आणि माघ-फाल्गुनात तेच तळे कोरडे पडलेले पाहून कित्येकांना सारे श्रम फुकट गेल्यासारखे वाटे. परंतु तलावाचे काम तेच होते. पाणी मुरमातून आणि फुटक्या खडकाच्या भेगांतून खाली झिरपून बांधाखालच्या विहिरींना जाऊन मिळालेले असे. ज्या विहिरीत पौषातच तळ दिसावयाचा तिच्यात चैत्रातही मोटेपुरते पाणी राही. ते पाणी कोणाच्या विहिरीत जावे हे तलाव ठरवीत नाही. खाली मराठ्याची विहीर असो, धनगराची असो वा बौद्ध वस्तीतील असो, भेग ज्या दिशेने जाईल त्या दिशेने पाणी जाते, आणि बांधावर घमेले वाहिलेल्या बाईचे नाव त्या पाण्यावर कोठेही लिहिलेले नसते. ख्रिस्ती सेवेचे याहून नेमके रूप मला महाराष्ट्रात दुसरीकडे आढळलेले नाही. म्हणूनच उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन नाणी ठेवून पुढे गेलेल्या शोमरोन्याची आठवण या कामापाशी होते. कारण मिशनने हे काम आपल्या नावाने चिरंतन चालविण्याचा आग्रह धरला नाही. १९७१ साली अप्पासाहेबांच्या पुढाकाराने बारामतीचे कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले, पुढच्याच १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने काम आणि धान्य यांची सांगड मोठ्या प्रमाणावर घालावयास आरंभ केला, आणि माळेगावच्या त्या प्रतिष्ठानाकडे आज देशभरातून शेतकरी शिकावयास येतात. त्यांतील किती जणांना त्या ऑस्ट्रेलियन बाईंचे नाव ठाऊक असेल? ठाऊक नसले तरी कामाला काही उणे येत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने ते लिहिले पाहिजे.

यात एक कडू भागही आहे. पाझरलेले पाणी विहिरींत आले तसे विजेचे पंप आले, पंप आले तसा ऊस जिरायतीतही शिरला, आणि पुढे ज्याच्याजवळ अधिक खोल जाण्याचे पैसे त्याच्याच वाट्याला अधिक पाणी, हा न्याय पुन्हा रूढ झाला. बोअर चारशे-पाचशे फूट खाली गेले की शेजाऱ्याच्या तीस हाती विहिरीची काय अवस्था होते, हे या तालुक्यांतील प्रत्येकाला ठाऊक आहे. तलाव बांधणे सामुदायिक श्रमाने साधले. पाणी वाटून घेणे साधले नाही. येथे ख्रिस्ती शेतकऱ्याचे कर्तव्य त्याच्या हिंदू वा मुसलमान शेजाऱ्याहून निराळे नाही, मात्र ज्याने शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तोंडाने म्हटली आहे त्याला आपल्या मोटारीचे बटण दाबताना ती आठवली पाहिजे.

परदेशी मिशनरी आता राहिलेले नाहीत. या दोन तालुक्यांतील ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत, आणि त्यांतील माणसे बहुधा शिक्षक, परिचारिका, कारकून, एस.टी.चे कर्मचारी, औद्योगिक वसाहतीतील कामगार अशी नोकरीपेशाची आहेत. संस्था चालविण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नाही, आणि मला त्यात खंत वाटत नाही. मोठ्या इमारतींचा काळ गेल्यामुळे सेवा पुन्हा एकेका माणसाच्या हातात आली आहे: शासकीय रुग्णालयात रात्रपाळीला एकट्या पडलेल्या वृद्धाच्या अंगावर पांघरूण घालणारी परिचारिका, तहसील कचेरीत अंगठा उठविणाऱ्या विधवेचा अर्ज दोनदा वाचून दाखविणारा कारकून, वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या पारध्याच्या मुलाची वही आधी तपासणारा शिक्षक. अशा कामाला सरकारी अनुदान लागत नाही, अहवाल लागत नाही. मात्र ते रविवारच्या उपासनेशी जोडलेले असले पाहिजे, नाही तर दोन-चार वर्षांत मनुष्य थकतो आणि कडवट होतो; दर आठवड्याला भाकर मोडण्याची जी रीत या मंडळ्यांना वारशाने मिळाली आहे तिचे महत्त्व मला याच ठिकाणी दिसते.

एका कामाकडे मात्र मी या मंडळ्यांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. दिवाळी सरली की बीड, नगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूर अशा कारखान्यांच्या परिसरात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाने हंगामाच्या आधीच उचल दिलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्या जोडीला फड सोडता येत नाही. सुप्याच्या बाजारात १८७५ साली जे रोखे जाळले गेले त्यांची ही आजची आवृत्ती आहे, आणि ती ज्या मुलखात कागद जाळले गेले त्याच मुलखाच्या शिवारात पाचटाच्या कोपीत राहते, हे आपल्याला अस्वस्थ करणारे असावे. पहाटे अंधारात आई-बाप फडावर जातात, मागे कोपीत सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन राहते, आणि गावच्या शाळेच्या पटावर तिचे नाव लागलेले नसते; लसीची तारीख चुकते, रेशनकार्ड गावाकडच्या दुकानात अडकलेले असते, बाळंतपण जवळ आलेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे हे सांगणारे कोणी नसते. हे काम परदेशी धान्यावाचून आणि मोठ्या निधीवाचून करता येण्याजोगे आहे. निवृत्त शिक्षक दुपारी तळावर जाऊन दोन तास मुले घेऊन बसू शकतो. परिचारिका आपल्या सुट्टीच्या दिवशी कोप्यांतून फिरून गरोदर बायांची यादी करून केंद्रात देऊ शकते. कचेरीतला मनुष्य शाळेचा दाखला आणि शिधा यांची तजवीज लावू शकतो. त्यासाठी गाळप सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात, आश्विन संपण्यापूर्वी, दोन्ही तालुक्यांतील मंडळ्यांच्या वडिलांनी एकत्र बसून कोणता तळ कोणाकडे ते वाटून घ्यावे आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना व कारखान्यांच्या शेतकी कचेऱ्यांना आगाऊ पत्रे द्यावीत, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.